कावळा, फांदी आणि हँडब्रेक

"घसरणं हे जर कौशल्य असेल, तर आमच्या प्रयोगशाळेतला लाकडी ठोकळा हा जगातला सगळ्यात कुशल चालक आहे."

हे वाक्य मी एका रविवारी दुपारी जेवताना बोलले. मी जेवताना सहसा बोलत नाही. खरं तर मी एकूणच कमी बोलते, आणि पुढे जे घडलं त्यावरून तेच धोरण बरोबर होतं अशी माझी खात्री झाली आहे.

विषय माझ्या धाकट्या दिरांनी काढला होता. ते दर रविवारी जेवायला येतात आणि पाण्याच्या तांब्याला फोन टेकवून आम्हाला काहीतरी दाखवतात. त्या दिवशी एक गाडी वळणावर आडवी होऊन, धूर सोडत, खेकड्यासारखी चालली होती.

"वहिनी, हे बघा! ड्रिफ्टिंग. मागची चाकं घसरताहेत, पुढची उलटी वळवलीयेत, आणि गाडी कशी मुठीत आहे बघा."

"मुठीत असती तर सरळ गेली असती."

"अहो, सरळ काय कोणीही जातं!"

"कोणीही जात असतं तर वाहतूक पोलीस कशाला लागले असते? भावजी, चाक घसरलं म्हणजे ताबा सुटला. ताबा सुटल्यावर जे होतं त्याला अपघात म्हणतात. धूर आणि टाळ्या असल्या की त्यालाच खेळ म्हणतात. सगळा दिखाऊपणा आहे." आणि मग ते ठोकळ्याचं वाक्य.

ठोकळ्याचा संदर्भ सांगायला हवा. मी ज्या प्रयोगशाळेत काम करते तिथे फरशा, पायऱ्या आणि चपलांचे तळवे किती घसरतात ते मोजतात. दिवसभर मी रबर लावलेला ठोकळा निरनिराळ्या पृष्ठभागांवरून ओढते आणि आकडे लिहिते. या कामात टाळ्या पडत नाहीत. पडल्या असत्या तर ठोकळा बिघडला असता.

सासूबाई म्हणाल्या, "मला बाई आवडलं. जन्मभर गाडीत बसले, पण एवढं छान गोल कोणी फिरवलं नाही मला."

नवऱ्यानं दोघांचंही बरोबर आहे असं सांगून भाजी वाढून घेतली. नवरा दंतवैद्य आहे. समोरच्याचं तोंड उघडं आहे पण त्याला उत्तर देता येत नाही, अशा अवस्थेत त्याच्याशी बोलत राहायची त्याला सवय आहे. ही सवय तो गाडीतही सोडत नाही. मी चालवत असले की तो शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबतो आणि बोलतो. म्हणून मी लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, हट्टानं, स्वतःची छोटी गाडी घेतली आणि कामावर एकटी जायला लागले. घर ते प्रयोगशाळा आणि प्रयोगशाळा ते घर. दिवसातला तेवढाच वेळ असा असतो की कोणी मला काही विचारत नाही, सांगत नाही, दाखवत नाही. लोकांना लायसन्स म्हणजे गाडी चालवायची परवानगी वाटते. माझ्या लेखी ती गप्प बसायची परवानगी आहे.

आता तळघराकडे वळते.

आमच्या इमारतीच्या तळघरात पार्किंग आहे. तिथली फरशी उखडली होती, धूळ उडायची, म्हणून समितीनं तिच्यावर नवा थर द्यायचं ठरवलं. समितीचे अध्यक्ष माझ्याकडे सल्ला मागायला आले. अध्यक्षांचं पूर्वी पडद्यांचं दुकान होतं, त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू उजेडात कशी खुलून दिसेल, या एकाच नजरेनं ते तिच्याकडे बघतात. मी नमुने मागवले, कोरडे तपासले, ओले तपासले, तेल सांडून तपासले, आणि एक खरखरीत, करडा, अत्यंत सुरक्षित थर निवडून दिला. तो लावून झाल्यावर सगळी इमारत बघायला उतरली आणि सगळ्यांची तोंडं पडली.

"एवढा खर्च करून सिमेंटसारखंच दिसतंय की हो!"

अध्यक्षांना हे लागलं. मला न सांगता त्यांनी नाचाच्या हॉलची जमीन चमकवणारा एक कारागीर बोलावला आणि माझ्या सुरक्षित थरावर मेणाचं पॉलिश चढवून घेतलं. हे मला संध्याकाळी कळलं. म्हणजे सांगून नाही, गाडीनं कळलं.

मी गाडी हळू चालवते. इतकी हळू, की मागून येणाऱ्यांना मी पत्ता विचारायला थांबले आहे असं वाटतं. त्या संध्याकाळीही मी उतारावरून तशीच खाली आले, ब्रेक दाबला, आणि गाडीनं तो मनावर घेतला नाही. उतारावर मिळालेला वेग तिनं जपून ठेवला होता. डाव्या हाताला अध्यक्ष आणि पाचसहा मंडळी फरशीत स्वतःची प्रतिबिंबं बघत उभी होती. समोर, मार्गाच्या अगदी टोकाला, भिंतीला समांतर अशी माझी आडवी जागा होती. तिच्या एका बाजूला खांब, दुसऱ्या बाजूला खोळवाल्या काकांची, कायम खोळीखाली झाकलेली गाडी. या जागेत गाडी लावायला मला रोज बरंच पुढेमागे करावं लागतं. नवरा त्याला 'इस्त्री करणं' म्हणतो.

मला गाडी शिकवणारे मास्तर म्हणाले होते, "काहीच सुचलं नाही तर हँडब्रेक." मला काहीच सुचत नव्हतं. लाल बादली टांगलेल्या खांबापाशी मी स्टिअरिंग वळवलं आणि हँडब्रेक ओढला.

गाडीचा मागचा भाग आपल्याला वेगळं काम असल्यासारखा निघून गेला. पाहुण्यांची ओळख करून द्यावी तसे एकेक खांब माझ्या काचेसमोरून सरकले. मग अध्यक्ष सरकले. मग सगळं थांबलं. मी डोळे उघडले. गाडी माझ्या जागेत होती. आडवी, भिंतीला समांतर, खांब आणि काकांची गाडी यांच्या बरोबर मध्ये. इंडिकेटर चालू होता, कारण तो मी नेहमीच लावते.

टाळ्या पडल्या.

अध्यक्ष धावत आले. मला वाटलं, मी जिवंत आहे का ते बघायला. ते म्हणाले, "पाहिलंत? फरशी काय खुलून दिसली!"

तळघरात कॅमेरा आहे. रात्रीच्या जेवणाआधीच ते दृश्य सगळ्या इमारतीच्या फोनवर होतं. भावजींचा फोन आला. ते बराच वेळ नुसते हसत होते, मग म्हणाले, "ठोकळा कसा आहे?"

"भावजी, तो अपघात होता."

"वहिनी, तुम्ही म्हणाल तसं."

'तुम्ही म्हणाल तसं' या शब्दांत माणसाचा जेवढा अपमान करता येतो तेवढा शिव्यांत करता येत नाही. मी जिन्यात भेटेल त्याला समजावून सांगत होते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, एवढंच. लोक ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "किती नम्र!" वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "मी तर आधीच म्हणायचे, गप्प माणसं आतून भयंकर असतात." तळमजल्यावरच्या शिंप्यानं, गाडी चालवताना घालायला म्हणून, चामड्याच्या कोटाचं माप घेऊ का असं विचारलं. निवृत्त मुख्याध्यापकांनी, पुढच्या वेळी डोळे उघडे ठेवून करून बघा, जास्त चांगलं दिसेल, असा सल्ला दिला. म्हणजे माझे डोळे मिटलेले होते हे कॅमेऱ्यात दिसत होतं. तरीही कोणाला त्यावरून काही निष्कर्ष काढावासा वाटला नाही. उलट 'डोळे मिटून करते' असा माझा लौकिक झाला.

फक्त एका माणसानं टाळ्या वाजवल्या नव्हत्या. खोळवाले काका. त्यांची गाडी वर्षानुवर्षं एका जाड खाकी खोळीखाली झाकलेली आहे. ती चालताना कोणी पाहिलेली नाही. "इंजिन फार नाजूक आहे," एवढंच ते सांगतात. दर रविवारी ते खाली येऊन खोळीवरची धूळ झटकतात, तिच्या नाड्या तपासतात, आणि कोणी टेकून उभं राहिलं तर त्याच्याकडे असं बघतात की माणूस आपोआप सरळ होतो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, इथे तर अख्खी गाडी झाकलेली.

काकांनी परिवहन कार्यालयात तक्रार केली. 'शेजारच्या वाहनास धोका होईल अशा प्रकारे वाहनाचे बेदरकार प्रदर्शन.' मला बोलावणं आलं.

तिथले साहेब शांत स्वभावाचे होते, आणि शांत माणसं आतून भयंकर असतात हे मला नुकतंच कळलं होतं. त्यांनी दृश्य दोनदा बघितलं.

"गाडी तुम्हीच चालवत होतात?"

"आत मी होते. चालवत कोणीच नव्हतं."

"हे बघा बाई, दोनच गोष्टी असतात. मुद्दाम केलं असेल तर ते प्रदर्शन, लायसन्स वर्षभर बंद. ताबा सुटला असेल तर समज देऊन सोडतो. तुमचं म्हणणं काय?"

"ताबा सुटला."

"मग इंडिकेटर?"

"सवय."

"ताबा सुटलेला माणूस इंडिकेटर देतो, हे मी पहिल्यांदाच बघतोय. नोकरी कुठे?"

"प्रयोगशाळेत."

"काय करता?"

खोटं बोलायचं मला जमत नाही. "घसरण मोजते," मी म्हणाले.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "काय मोजता?"

"कुठली वस्तू कुठल्या पृष्ठभागावर किती घसरते, ते."

"म्हणजे घसरणीच्या तज्ज्ञ बाई घसरल्या. त्या घसरल्या त्या थेट स्वतःच्या जागेत. इंडिकेटर देऊन." ते खुर्चीत मागे रेलले. "आणि फरशी कोणी निवडली म्हणालात?"

हे मी म्हणाले नव्हते. काकांच्या तक्रारीत होतं.

"साहेब, हा योगायोग आहे."

"असेल ना. एकदा झालं तर योगायोग. पुन्हा तसंच केलं आणि पुन्हा तसंच झालं, तर मग काय म्हणाल?"

"तर योगायोग म्हणता येणार नाही," मी म्हणाले. हे उत्तर माझ्या तोंडून माझ्या शिक्षणानं दिलं. मी नुसती तोंड उघडून बसले होते.

"झालं तर मग. मी जागेवर येतो. तीच गाडी, तीच जागा, दोन्ही वाहनं आपापल्या ठिकाणी. पुन्हा करून दाखवा. नाही जमलं तर तुमचं खरं, समज देऊन विषय संपला. जमलं तर लायसन्स इथे जमा करायचं."

मी प्रयोगशाळेत नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगत आले आहे, की प्रयोग पुन्हा करता आला पाहिजे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

नवऱ्यानं मला धीर दिला. "काळजी करू नकोस. लायसन्स गेलं तर मी रोज सोडीन तुला. गप्पा मारत जाऊ." त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी खोळवाले काका दारात आले. चेहरा उतरलेला.

"मिटवून टाकू या का आपण? मी तक्रार मागे घ्यायला गेलो होतो. ते म्हणतात, मागे घ्यायची तर आधी तुमच्या गाडीची तपासणी करू."

"मग करू द्या की तपासणी."

काका एकदम दोन पावलं मागे सरले. "नको नको. इंजिन फार नाजूक आहे. राहू दे मग तक्रार." आणि जिना उतरून गेले.

आता माझ्यापुढे प्रश्न असा होता, की मला हमखास चुकायचं होतं. बरोबर यायचं नाही, हे पक्कं. पण नुसतं वाट्टेल तसं चुकून चालणार नव्हतं. इकडे चुकले तर खांब, तिकडे चुकले तर काकांची नाजूक गाडी. म्हणजे बेतानं, मोजून, कोणाला धक्का न लावता चुकायला हवं होतं. आणि त्यासाठी बरोबर कसं येतं ते आधी नेमकं कळायला हवं होतं. मुद्दाम चुकायचं तर आधी बरोबर यावं लागतं. या विचारावर मी आले तेव्हा मला जरा चक्कर आली.

भावजी शिकवायला आले. जेवणाच्या टेबलावर त्यांनी मिठाची बाटली गाडी म्हणून घेतली आणि ती आडवी सरकवत बोलू लागले, "वजन पुढे टाकायचं, मग हँडब्रेक, मग स्टिअरिंग उलटं. आणि मुख्य म्हणजे पोटात जाणवलं पाहिजे, वहिनी. पोटात!"

"भावजी, तुम्ही हे कुठे केलंत?"

"मी कशाला करू? मला गाडी कुठे येते?"

सासूबाईंनी बाटली उचलून आमटीत मीठ घातलं. प्रशिक्षण तिथेच संपलं.

मग मी माझ्या पद्धतीनं विचार केला. पहिल्या वेळी मी लाल बादलीपाशी हँडब्रेक ओढला होता. आता तो बराच पुढे, नळाच्या खांबापाशी ओढायचा. तेवढ्या चकचकीत फरशीवर मग गाडी वेळेत थांबणार नाही, ती जाऊन माझ्या जागेमागच्या भिंतीला टेकेल. भिंतीला गाद्या लावायच्या. आपटायचं, उतरायचं, समज घ्यायची, घरी जायचं. हे फसवणुकीत बसतं का, असा प्रश्न मी स्वतःला विचारला. ताबा सुटला होता हे सत्य आहे, आणि सत्य सिद्ध करायला थोडं नियोजन लागतं, असं उत्तर मी स्वतःला दिलं. आणि त्यापुढे स्वतःला काही विचारलं नाही.

गाद्यांवरून इमारतीत वाद झाले. सगळ्यांना आपलीच गादी पुढच्या रांगेत हवी होती. "आमची कापसाची आहे, बाईंना लागणार नाही," असं म्हणून वरच्या मजल्यावरच्या बाई गादी भिंतीशी धरूनच उभ्या राहिल्या. मी आपटणार आहे हे मी कोणालाच सांगितलेलं नव्हतं. गाद्या नुसत्या खबरदारीच्या. माझ्या चुकण्यावर भरवसा फक्त मला होता. बाकी सगळ्या इमारतीचा माझ्यावर विश्वास होता, आणि तो फार गैरसोयीचा होता.

ठरलेल्या संध्याकाळी उताराच्या कडेनं खुर्च्या मांडल्या होत्या. सासूबाई पहिल्या रांगेत होत्या. साहेब हातात शिटी घेऊन उभे होते. काका त्यांच्या खोळीला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभे होते, साहेबांनी त्यांना बाजूला केलं तेव्हा ते नाइलाजानं खांबामागे गेले.

नवरा खिडकीशी आला. त्यानं खास माझ्या मापाचं दातांचं रबरी कवच बनवून आणलं होतं. "आ कर," तो म्हणाला. सवयीनं मी आ केला. कवच बसलं. ते इतकं घट्ट होतं की जीभ हलेना. वर्षानुवर्षं त्याच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसांची अवस्था मला त्या क्षणी समजली.

आणि तेव्हाच अध्यक्ष दुसऱ्या खिडकीतून आत वाकले. चेहऱ्यावर अपार प्रेम. "बाई, अजिबात काळजी करू नका. तुमच्या जिवाला धोका नको म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून सकाळी फरशी घासलीय. मेण पुष्कळ निघालं. चमक थोडी गेली, पण तुमच्यापेक्षा का चमक मोठी?"

हे वाक्य अध्यक्षांच्या तोंडून निघणं हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा त्याग होता. पण मेण निघालं म्हणजे फरशी कमी घसरणार. फरशी कमी घसरणार म्हणजे माझं गणित चुकलं. मी ओरडले, "थांबा, परिस्थिती बदलली आहे!" कवचातून ते "हाऽऽआं आंआंऽऽ!" असं बाहेर पडलं. लोकांना ती रणगर्जना वाटली. टाळ्या झाल्या. साहेबांनी शिटी फुंकली.

मी निघाले. उतार, मार्ग, लाल बादली मागे पडली. फरशी कमी घसरते. कमी घसरणाऱ्या फरशीवर हँडब्रेक उशिरा ओढला, तर एक चूक दुसऱ्या चुकीला खाऊन टाकते, आणि उत्तर येतं ते... ही बेरीज माझ्या मनात पूर्ण झाली तेव्हा नळाचा खांब आला होता आणि माझा हात आधीच वर आला होता.

खांब पुन्हा सरकले. अध्यक्ष सरकले. सासूबाई सरकल्या, त्या उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. गाडी माझ्या जागेत थांबली. आडवी, समांतर, मधोमध. पहिल्यापेक्षाही चांगली. गाद्यांना स्पर्शसुद्धा नाही.

एकच गोष्ट वेगळी झाली. सरकताना माझ्या गाडीच्या आरशात काकांच्या खोळीची नाडी अडकली होती. मी थांबले, पण खोळ येत राहिली. सावकाश, अख्खी, माझ्या टपावर.

सगळ्या माना तिकडे वळल्या.

खोळीखाली गाडी नव्हती. पुढे एक टीपॉय. त्याच्यामागे कपड्यांचं उभं कपाट आडवं घातलेलं. त्याच्यावर तीन माणसांचा सोफा. सोफ्यावर छताच्या आकारासाठी उलट्या ठेवलेल्या खुर्च्या. आणि खाली, खोळीच्या कडेतून दिसतील असे, चार टायर नुसते टेकवून ठेवलेले.

पहिला आवाज काकूंचा आला. "अहो! हा सोफा तुम्ही अनाथाश्रमाला दिला होतात ना?"

काका खांबामागून बाहेर आले. "गाडी कधीच विकली हो," ते कोणाकडेही न बघता म्हणाले. "पण गाडी नसली की जागा काढून घेतात, असा समितीचा नियम. आज नाही, पण कधीतरी घेईनच म्हटलं दुसरी. एकदा जागा गेली की गेली."

साहेब त्या सोफ्याभोवती एक फेरी मारून आले. टीपॉयवर हात टेकवून त्यांनी विचार केला. मग माझ्याकडे आले.

"तक्रार अशी आहे, की शेजारच्या वाहनास धोका. वाहन कुठे आहे?"

सगळ्यांनी सोफ्याकडे पाहिलं.

"वाहन नाही तर वाहनास धोका नाही. सोफ्यास धोका हा आमच्या खात्याचा विषय नाही. प्रकरण बंद." मग त्यांनी खिडकीतून आत वाकून, हळूच, एखाद्या मुलानं विचारावं तसं विचारलं, "बाई, आता मिटलंय सगळं. खरं सांगा. येतं ना तुम्हाला? की नुसतंच झालं?"

मी कवचासकट सविस्तर उत्तर दिलं. ते मान हलवत, समाधानानं निघून गेले. त्यांना काय कळलं ते मला कळलं नाही.

माझं लायसन्स राहिलं. माझी शांतता राहिली. समितीनं काकांची जागा काढून घ्यायचा ठराव केला, पण तो सोफा हलवायला कोणी पुढे येईना, आणि काकूंनी तो घरात घ्यायला नकार दिला. सगळं सामान तिथेच आहे. मी मात्र रोज संध्याकाळी पूर्वीसारखी इस्त्री करत गाडी लावते. येणारेजाणारे थांबतात, थोडा वेळ बघतात, आणि "आज मूड नाही वाटतं," म्हणत निघून जातात.

भावजी रविवारी विचारतात, "मग वहिनी? कौशल्य की दिखाऊपणा?"

मी त्यांना भाजी वाढते. प्रामाणिकपणे सांगायचं तर माझ्याकडे दोनच नोंदी होत्या. एक नोंद योगायोगाची. दुसरी नोंद दोन चुकांची. आमच्या प्रयोगशाळेत दोन नोंदींवर निष्कर्ष काढत नाहीत.

म्हणून गेल्या आठवड्यात एका दुपारी मी लवकर घरी आले. भर दुपार, कामाचा दिवस. सगळे आपापल्या कामावर, सासूबाई झोपलेल्या. तळघराचा कॅमेरा त्या प्रकरणानंतर दुरुस्तीला गेला आहे, हे मला ठाऊक होतं. प्रयोगशाळेतून मी ठोकळा आणि मापक बरोबर आणला होता. फरशीवर गुडघे टेकून मी ठिकठिकाणी तो ओढला, आकडे लिहिले, गणित केलं, आणि खडूनं एक बारीक खूण केली. लाल बादली आणि नळाचा खांब यांच्या मध्ये.

प्रयोग साधा होता. बघणारं कोणी नाही म्हणजे दिखाऊपणाचा प्रश्नच नाही. तरीही जमलं तर ते कौशल्य. नाही जमलं तर भिंत मला समजावून सांगेल.

उतारावरून आले. इंडिकेटर दिला. खूण आली. डोळे उघडे ठेवून, स्टिअरिंग वळवून, मी हँडब्रेक ओढला. गाडी माझ्या मनात होती तशी फिरली. मी तिला जरा उलटं वळवून सावरलं, आणि ती मला पोटात जाणवली. भावजींना हे मी मेले तरी सांगणार नाही. ती आपल्या जागेत येऊन अलगद थांबली.

इंजिन बंद केलं. आणि मग मी सगळ्यात आधी काय केलं, तर मान वळवून आजूबाजूला पाहिलं, कोणी पाहिलं का.

शेजारच्या जागेत, उलट्या खुर्च्या बाजूला सारून, सोफ्यावर खोळवाले काका बसले होते. मी गाडी आणायला वर गेले तेवढ्यात ते आले असावेत. हातातलं वर्तमानपत्र त्यांच्या नाकापर्यंत वर गेलेलं होतं. ते हळूहळू खाली आलं.

"बाई," काका घाईघाईनं म्हणाले, "मी काहीसुद्धा पाहिलेलं नाही. देवाशपथ."

त्यात बघण्यासारखं काही नव्हतं, एवढं कोणीतरी म्हणावं म्हणून मी किती दिवस अख्ख्या इमारतीच्या विनवण्या केल्या होत्या. मी दार उघडून खाली उतरले, गाडीच्या चाकांकडे पाहिलं, भिंतीपासूनचं अंतर पाहिलं. दोन्हीकडे सारखं होतं. मग काकांकडे वळले.

"काहीसुद्धा नाही?" मी विचारलं. "अगदी शेवटचं वळणसुद्धा नाही?"